परवलीचा शब्द कोणाच्या हाती? : जावा वेब-उपयोजनांतील निर्देशिका-प्रवेशाच्या सुवाह्यतेची चिकित्सा

१

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जावा ही भाषा जाहीर केली तेव्हा तिच्या बाजूने सर्वांत आग्रहाने मांडला गेलेला युक्तिवाद सुवाह्यतेचा होता. एकदा लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर, फेरफार न करता, चालावा हे ते आश्वासन. १९९९ च्या डिसेंबरात मोठ्या संस्थांच्या कारभारासाठी जे२ईई हा विनिर्देश प्रसिद्ध झाला आणि या आश्वासनाची कक्षा रुंदावली. यंत्र बदलले तरीच नव्हे, तर ज्या सर्व्हरच्या आश्रयाने उपयोजन चालते तो एका उत्पादकाऐवजी दुसऱ्याचा घेतला तरीही उपयोजन तसेच चालावे, अशी अपेक्षा आता निर्माण झाली. पृष्ठांची रचना, विदागाराशी संबंध, व्यवहारांची अखंडता या बाबतींत ही अपेक्षा बऱ्याच अंशी पूर्णही झाली.

एका बाबतीत मात्र येथेच घोडे पेंड खाते. ती बाब म्हणजे निर्देशिकेत नोंदलेल्या व्यक्तींची ओळख पटविणे आणि त्यासाठी लागणारे परवलीचे शब्द सांभाळणे. विद्यापीठ असो, बँक असो की सरकारी खाते असो, माणसांची नावे, त्यांचे गट आणि त्यांचे परवलीचे शब्द बहुधा एकाच निर्देशिकेत असतात, आणि अनेक उपयोजने तिचाच आधार घेतात. टपाल, पगारपत्रक, परीक्षेचे निकाल, ग्रंथालय या सर्वांचे दार एकाच शब्दाने उघडते. म्हणून या एका बाबतीतील ढिलाईची किंमत त्या एका उपयोजनापुरती राहत नाही. सगळ्या संस्थेला ती मोजावी लागते.

या प्रश्नावर जावाच्या प्रमाणकर्त्यांनी दिलेले उत्तर २०१७ सालच्या सुरक्षा-विनिर्देशात आहे. जेएसआर ३७५ या क्रमांकाने ओळखला जाणारा हा विनिर्देश जावा ईई ८ चा भाग म्हणून आला आणि पुढे जकार्ता सिक्युरिटी या नावाने चालू राहिला. त्या उत्तराचे परीक्षण करणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय. प्रतिपादन थोडक्यात असे : या विनिर्देशाने ओळख पटविण्याची क्रिया सुवाह्य केली, परंतु त्या क्रियेस लागणारे गुपित कोठे ठेवावे हे सांगितले नाही, आणि गुपिताला जागा न देता क्रियेला सुवाह्य म्हणणे हे अर्धसत्य आहे.

२

विवेचनापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. तो न केल्यामुळे या विषयावरील बरीच चर्चा गोंधळाची होते. निर्देशिकेशी संबंध ठेवणाऱ्या उपयोजनात परवलीचे शब्द दोन प्रकारचे असतात. पहिला उपयोगकर्त्याचा : तो माणूस तो पडद्यावर टाइप करतो, काम झाले की विसरला जावा अशी त्याची अपेक्षा असते. दुसरा उपयोजनाचा स्वतःचा : निर्देशिकेत शोध घेण्याची परवानगी मिळावी म्हणून उपयोजनाला जे सेवा-खाते दिलेले असते त्याचा हा शब्द. तो कोणी टाइप करीत नाही. उपयोजन सुरू होते तेव्हा तो कोठेतरी हजर असावाच लागतो.

दोन्हींची गरज का पडते, हे एलडॅप या नियमावलीच्या स्वरूपातून समजते. एक्स.५०० ही निर्देशिकेची जुनी आणि अवजड पद्धती १९८८ सालची; तिला सुटसुटीत पर्याय म्हणून मिशिगन विद्यापीठातील कामातून एलडॅप पुढे आले, त्याचे पहिले जाहीर वर्णन १९९३ साली आणि तिसरी आवृत्ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ओळख पटविण्याच्या साध्या क्रियेला ‘बाइंड’ म्हणतात. बाइंड करताना टोपणनाव चालत नाही. नोंदीचे पूर्ण नाव, म्हणजे निर्देशिकेच्या वृक्षातील मुळापर्यंतचा तिचा पत्ता, द्यावा लागतो. उपयोगकर्त्याला तो पत्ता ठाऊक नसतो. म्हणून उपयोजन आधी सेवा-खात्याने बाइंड करते, उपयोगकर्त्याच्या टोपणनावावरून त्याची नोंद शोधते, आणि मग त्या नोंदीच्या पूर्ण नावाने व उपयोगकर्त्याने दिलेल्या शब्दाने दुसऱ्यांदा बाइंड करून पाहते. दुसरे बाइंड यशस्वी झाले तर ओळख पटली.

ही क्रिया वरवर सोपी आहे, पण तिच्यात खाचखळगे आहेत. नाव दिले आणि शब्द रिकामा ठेवला, तर एलडॅपच्या नियमांनुसार ते बाइंड ओळख पटविणारे ठरत नाही. तरीही काही निर्देशिका त्यास ‘यशस्वी’ असे उत्तर देतात. २००६ सालच्या सुधारित नियमावलीने निर्देशिकांनी अशी विनंती मुळातच नाकारावी आणि ग्राहक-प्रोग्रामांनी रिकामा शब्द पुढे पाठवू नये, अशी शिफारस केली. जावाच्या जेएनडीआय या संग्रहाचे वर्तन या बाबतीत आणखी फसवे आहे : शब्द रिकामा असेल तर तो निनावी प्रवेशाकडे वळतो. ज्याने ही क्रिया स्वतः लिहिली आणि रिकाम्या शब्दाची तपासणी विसरली, त्याच्या उपयोजनात कोणाचेही नाव लिहून शब्दाची जागा कोरी ठेवणारा मनुष्य आत येऊ शकतो. अशा क्रिया प्रत्येक उपयोजनाने आपापल्या परीने लिहू नयेत, त्या एकाच ठिकाणी नीट लिहिल्या जाव्यात, या मागणीचे खरे समर्थन येथे आहे. सुवाह्यता ही केवळ सोय नसून सुरक्षिततेचीही बाब आहे, ती या अर्थाने.

३

पहिल्या विनिर्देशाने या मागणीला दिलेले उत्तर मौनाचे होते. सर्व्हलेट २.२ ने वेब डॉट एक्सएमएल ही वर्णन-फाइल आणली. कोणती पृष्ठे कोणत्या भूमिकेच्या माणसाला खुली आहेत आणि ओळख फॉर्मने विचारावी की अन्य रीतीने, एवढे त्या फाइलीत लिहिता येई. ओळख पटवायची कोणाच्या आधारे, म्हणजे निर्देशिका कोठे आहे, तिच्याशी कसे बोलावे, हे सर्व ‘रेल्म’ या संकल्पनेवर सोपविले गेले, आणि रेल्मची रचना प्रत्येक उत्पादकाने आपल्या मर्जीने ठरविली. टॉमकॅटमध्ये ती सर्व्हरच्या एक्सएमएल फाइलीत जेएनडीआय-रेल्म या नावाने येते. सेवा-खात्याचे नाव व परवलीचा शब्द तेथेच, उघड अक्षरांत, लिहावा लागतो. इतर सर्व्हरांत त्याच गोष्टीला वेगळी नावे, वेगळ्या फाइली, वेगळी व्यवस्थापन-आज्ञा.

या मौनावर टीका करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळ झालीही आहे. तथापि मौनामागे एक तत्त्व होते, ते लक्षात न घेणे अन्यायाचे होईल. जे२ईईने माणसांच्या भूमिका वेगळ्या केल्या होत्या : घटक लिहिणारा निराळा, ते जुळविणारा निराळा, प्रत्यक्ष सर्व्हरवर उपयोजन बसविणारा निराळा, आणि सर्व्हरची देखभाल करणारा निराळा. लिहिणाऱ्याला निर्देशिकेचा पत्ता वा परवलीचा शब्द ठाऊक असण्याचे कारणच नाही, अशी ही विभागणी होती. भूमिकांची अमूर्त नावे त्याने लिहावीत आणि बसविणाऱ्याने त्यांची सांगड संस्थेतील खऱ्या गटांशी घालावी. या दृष्टीने पाहता परवलीच्या शब्दाविषयी विनिर्देश काही बोलत नाही, याचा अर्थ तो शब्द उपयोजनाच्या हद्दीत येऊच नये, असा होता.

तत्त्व योग्य होते. व्यवहारात ते दोन कारणांनी टिकले नाही. एक तर बसविणारा आणि लिहिणारा हे बहुतेक ठिकाणी एकच माणूस वा एकच चमू होता. दुसरे, सर्व्हर बदलला की रेल्मची सारी मांडणी नव्याने करावी लागे. आणि ज्यांना आपले उपयोजन अनेक संस्थांना द्यायचे होते त्यांना प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी सूचना-पुस्तिका लिहावी लागे. परिणामी अनेकांनी सर्व्हरची व्यवस्था सोडून दिली आणि ओळख पटविण्याची क्रिया आपल्या उपयोजनातच लिहिली किंवा एखाद्या बाहेरच्या चौकटीकडून उसनी घेतली.

मधल्या काळात दोन प्रयत्न झाले. २००२ सालच्या जावा १.४ मध्ये जास ही व्यवस्था मुख्य भाषेत आली. पण ती वेब-सर्व्हरच्या आतील ओळखीशी कशी जोडावी हे सर्वत्र सारखे नव्हते, म्हणून जासचा एकच घटक दोन सर्व्हरांत जसाच्या तसा चालेलच याची हमी नव्हती. २००९ सालच्या जावा ईई ६ मध्ये जॅस्पिक हा विनिर्देश आला. त्याने सर्व्हर आणि ओळख पटविणारा घटक यांच्यामधील करार निश्चित केला, हे मोलाचे काम झाले. परंतु तो करार इतक्या खालच्या पातळीवरचा होता की सामान्य उपयोजनकर्त्याने त्याच्या वाटेला जाणे कठीण, आणि निर्देशिकेविषयी त्यात काहीच नव्हते.

४

२०१७ च्या विनिर्देशाची योग्यता या पार्श्वभूमीवर ठरवावी लागते, आणि ती लहान नाही. त्याने दोन कामे स्वच्छपणे वेगळी केली. उपयोगकर्त्याकडून नाव व शब्द मिळविणे हे एक काम. मिळालेली माहिती खरी की खोटी हे ठरविणे आणि त्या माणसाचे गट सांगणे हे दुसरे. दुसऱ्या कामासाठी ‘आयडेंटिटी स्टोअर’ हा छोटा, दोन मुख्य पद्धतींचा करार दिला. निर्देशिकेसाठी तर तयार घटकच दिला : उपयोजनातील एखाद्या वर्गावर एलडॅप-आयडेंटिटी-स्टोअर-डेफिनिशन ही टीप लिहिली, तिच्यात निर्देशिकेचा पत्ता, शोधाची मुळे, गाळण्या आणि गटाच्या गुणधर्मांची नावे भरली, की विनिर्देश पाळणाऱ्या कोणत्याही सर्व्हरवर ती क्रिया सारखीच चालावी अशी व्यवस्था झाली. गट शोधण्याच्या दोन प्रचलित रीती, गटाच्या नोंदीत सदस्यांची यादी असणे आणि सदस्याच्या नोंदीत गटांची यादी असणे, या दोहोंनाही त्या टिपेत स्थान आहे. यापूर्वी पाच सर्व्हरांच्या पाच फाइलींत विखुरलेली माहिती एका ठिकाणी, एका परिभाषेत आली.

परंतु याच टिपेत एक रकाना आहे : सेवा-खात्याच्या परवलीच्या शब्दाचा. टीप ही जावाच्या मूळ संहितेचा भाग असते. ती संहितेबरोबर संकलित होते, संहितेच्या भांडारात साठविली जाते, भांडाराच्या प्रत्येक प्रतीबरोबर प्रवास करते. त्या रकान्यात शब्द लिहिला तर तो सर्व विकसकांना, चाचणी घेणाऱ्यांना आणि भांडाराच्या जुन्या आवृत्त्या चाळणाऱ्या कोणालाही वाचता येतो. एवढेच नव्हे, तर तो बदलायचा झाला तर उपयोजन पुन्हा बांधावे लागते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ही म्हण येथे पुरी लागू पडत नाही. येथे किल्ली चोराच्या हाती दिलेली नाही, ती दारावर टांगलेली आहे.

विनिर्देशकर्त्यांना हे कळत नव्हते असे नाही. म्हणूनच रकान्यात प्रत्यक्ष शब्दाऐवजी अभिव्यक्ती, म्हणजे मूल्य कोठून काढावे याचे सूत्र, लिहिण्याची मुभा त्यांनी ठेवली. सूत्र दोन प्रकारचे असते : एकाचे मूल्य घटक निर्माण होताना एकदाच काढले जाते, दुसऱ्याचे गरजेच्या वेळी. दुसऱ्या प्रकारामुळे सेवा-खात्याचा शब्द ठरावीक मुदतीने बदलणाऱ्या संस्थांना उपयोजन न थांबवता तो बदलण्याचा मार्ग तत्त्वतः मोकळा होतो. ही तरतूद शहाणपणाची आहे.

पण सूत्र हे मूल्याकडे जाण्याचा रस्ता आहे. मूल्य कोठे आहे हा प्रश्न तसाच राहतो. सूत्राने उपयोजनातील एखाद्या घटकाला विचारायचे; त्या घटकाने कोणाला विचारायचे? फाइलीला, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला, सर्व्हरच्या तिजोरीला? येथे प्रमाण संपते आणि उत्पादकांचे राज्य पुन्हा सुरू होते. ग्लासफिशमध्ये परवलीच्या शब्दाला उपनाव देण्याची सोय आहे. वाइल्डफ्लायमध्ये क्रेडेन्शियल स्टोअर नावाची तिजोरी आहे. वेबस्फिअर लिबर्टीच्या फाइलीत शब्दाचे सांकेतिक रूप ठेवता येते. वेबलॉजिकच्या प्रत्येक क्षेत्रात गुप्तलेखनाची स्वतःची किल्ली असते. चारही सोयी उपयुक्त आहेत, आणि चारही परस्परांना अनोळखी आहेत. म्हणजे ज्या विविधतेला कंटाळून सुवाह्य टीप निर्माण केली, ती विविधता टिपेच्या एका रकान्यामागे दडून राहिली.

याहून बोलकी गोष्ट इतिहासात आहे. २०१४ साली या विनिर्देशाचा प्रस्ताव मांडला गेला तेव्हा त्यात परवलीच्या शब्दांची उपनावे आणि उपयोगकर्त्यांचे व्यवस्थापन हे दोन्ही विषय समाविष्ट होते. अंतिम विनिर्देशात ते उतरले नाहीत. तेव्हा आजची उणीव नजरचुकीची नाही. ती गळालेली आहे. आणि जे आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? विनिर्देशात ज्याचे नावही नाही त्याची अपेक्षा सर्व्हरांनी एकसारखी पुरवावी, असे म्हणता येत नाही.

५

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि त्याचा विचार केल्याखेरीज वरील टीका पूर्ण होत नाही. आक्षेप असा : गुपिताची सुवाह्य जागा ही कल्पनाच असंभव आहे. शब्द उघड ठेवू नये म्हणून गुप्तलेखन करावे, तर त्या लेखनाची किल्ली कोठेतरी ठेवावी लागते. ती किल्ली लपवावी तर दुसरी किल्ली लागते. न्यायशास्त्रात ज्याला अनवस्था म्हणतात तोच हा दोष. सर्व्हरला माणसाच्या मदतीवाचून सुरू व्हायचे असेल तर साखळीतील शेवटची किल्ली उघडीच राहणार. वेबस्फिअरच्या फाइलींत दिसणारी एक्सऑर पद्धतीची रूपे या दोषाचे उत्तम उदाहरण होत : ती कोणालाही क्षणार्धात उलगडता येतात, त्यांचा उपयोग फक्त खांद्यावरून डोकावणाऱ्यापासून बचाव करण्यापुरता. टॉमकॅटच्या कर्त्यांनी म्हणूनच फाइलीतील उघड शब्दाचे स्पष्ट समर्थन केले आहे : फाइल कोण वाचू शकते हे यंत्रप्रणालीच्या परवानग्यांनी ठरवा, खोट्या आवरणावर विसंबू नका.

आक्षेप बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही. गुपिताची तिजोरी सर्वत्र एकसारखी असू शकत नाही, हे मान्य. पण तिजोरीतील गुपिताचे नाव सर्वत्र एकसारखे असू शकते. विदागाराच्या बाबतीत जे२ईईने हे फार पूर्वीच करून दाखविले होते. उपयोजन ‘अमुक नावाचे विदागार मला हवे’ एवढेच घोषित करते. त्या नावाखाली पत्ता, खाते आणि शब्द भरण्याचे काम बसविणाऱ्याचे. उपयोजनाला तयार जोडणी मिळते, परवलीचा शब्द त्याच्या दृष्टीसही पडत नाही. तेथे तिजोरीला प्रमाण रूप दिलेले नाही, केवळ नावाला दिले आहे. आणि तेवढ्यानेच सुवाह्यता साधली. निर्देशिकेसाठी असा समतुल्य, प्रमाणित संदर्भ नाही. काही सर्व्हर बाहेरची निर्देशिका आपल्या नामवृक्षात जोडू देतात, पण ती ज्याची त्याची खास सोय आहे.

येथे हेही नोंदविले पाहिजे की विदागाराच्या क्षेत्रातही २००९ साली उलट दिशेचे पाऊल पडले होते. जावा ईई ६ ने विदागाराची व्याख्या टिपेत लिहिण्याची सोय दिली, आणि तिच्यातही परवलीच्या शब्दाचा रकाना होता. संदर्भ देण्याऐवजी व्याख्याच उपयोजनात आणण्याची ही ओढ सोयीपोटी आली. एका फाइलीत सारे असावे, उदाहरण लगेच चालावे, हा तिचा हेतू. २०१७ च्या विनिर्देशाने तीच ओढ वारशाने घेतली. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी जे सोपे वाटते ते संस्थेला पाचव्या वर्षी महाग पडते, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हा आजचा लोकप्रिय तोडगा. त्याचा गुण असा की तो सर्व सर्व्हरांना आणि सर्व भाषांना समान आहे. त्याचा दोष २०२१ च्या डिसेंबरात उघड झाला. लॉग४जे या नोंद-संग्रहातील दोषामुळे बाहेरून आलेल्या मजकुरातील सूत्रे उलगडली जात. हल्लेखोराने आपल्या निर्देशिकेचा पत्ता आणि त्यातच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचे नाव असे जोडसूत्र पाठविले की त्या व्हेरिएबलचे मूल्य पत्त्याचा भाग होऊन त्याच्याकडे पोहोचत असे. जी यंत्रणा निर्देशिका शोधण्यासाठी निर्माण झाली तिच्याच वाटेने गुपित बाहेर जावे, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. प्रक्रियेतील प्रत्येक घटकाला वाचता येणारी जागा ही गुपिताची जागा नव्हे, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो.

६

आतापर्यंत सेवा-खात्याच्या शब्दाचा विचार झाला. उपयोगकर्त्याच्या शब्दाकडे वळले असता दुसरी उणीव दिसते. विनिर्देशातील तपासणीचे निकाल तीनच : वैध, अवैध, आणि तपासणी झालीच नाही. संस्थांच्या प्रत्यक्ष कारभारात मात्र यांच्या मधल्या अवस्थाच सर्वांत अडचणीच्या असतात. शब्द बरोबर आहे पण त्याची मुदत संपली; शब्द बरोबर आहे पण तो पहिल्याच प्रवेशात बदलणे बंधनकारक आहे; चुकीचे प्रयत्न फार झाल्याने खाते बंद पडले. या तिन्ही वेळी माणसाला सांगायच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. सुवाह्य करारात तिघांनाही ‘अवैध’ हे एकच उत्तर. परिणामी माणूस तोच शब्द पुनःपुन्हा टाइप करीत राहतो, आणि मुदत संपलेले खाते अखेर कुलूपबंद होते.

या उणिवेचा सर्व दोष जावाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. निर्देशिकाच परस्परांशी सहमत नाहीत. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी सर्व प्रकारच्या अपयशाला ४९ हाच क्रमांक देते आणि खरे कारण सोबतच्या संदेशात दडविते. ५३२ म्हणजे मुदत संपली, ७७३ म्हणजे बदल आवश्यक, ७७५ म्हणजे खाते बंद, अशी तेथील सांकेतिक लिपी. इतर निर्देशिकांत हीच माहिती वेगळ्या पुरवणी-उत्तराने मिळते, आणि त्याविषयीचा मसुदा वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. शब्द बदलण्याची क्रियाही अशीच दुभंगलेली. त्यासाठी एलडॅपची खास विस्तारित क्रिया २००१ साली प्रमाणित झाली आणि ओपनएलडॅप ती पाळते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मात्र एका विशिष्ट गुणधर्मात नवा शब्द अवतरणचिन्हांत घालून, सोळा-बिट युनिकोड रूपात, सुरक्षित जोडणीवरूनच लिहावा लागतो. माणूस स्वतः बदलत असेल तर जुने मूल्य काढणे आणि नवे घालणे एकाच विनंतीत, आणि प्रशासक बदलत असेल तर थेट अदलाबदल. गटांत गट असतील तर त्यांचा शोध घेण्यासाठीही तेथे स्वतंत्र जुळणी-नियम आहे.

यावरून सुवाह्यतेचे दोन अक्ष आहेत हे दिसून येते. एक सर्व्हरापासून सर्व्हरापर्यंतचा, दुसरा निर्देशिकेपासून निर्देशिकेपर्यंतचा. २०१७ च्या विनिर्देशाने पहिल्या अक्षावर लक्ष केंद्रित केले आणि दुसऱ्यावर केवळ वाचनापुरती, म्हणजे नोंद शोधणे व गट काढणे एवढ्यापुरती, सोय केली. लेखन, म्हणजे शब्द बदलणे, त्याच्या कक्षेबाहेर आहे. ज्याला ‘व्यवस्थापन’ म्हणावे त्याचा अर्धा भाग हाच असल्याने, परवलीच्या शब्दांचे सुवाह्य व्यवस्थापन जावाच्या प्रमाणात आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते.

७

या सर्वांवर आजचे प्रतिष्ठित उत्तर असे की उपयोजनाने परवलीच्या शब्दाला स्पर्शच करू नये. ओळख पटविण्याचे काम एका मध्यवर्ती सेवेकडे द्यावे. उपयोजनाला फक्त तिचा दाखला मिळावा. २०२२ सालच्या जकार्ता ईई १० मधील सुरक्षा-विनिर्देशाने ओपनआयडी कनेक्ट या पद्धतीसाठी नवी टीप देऊन हा मार्ग प्रमाणित केला. उपयोगकर्त्याच्या दृष्टीने हा बदल निःसंशय चांगला आहे. बाइंडच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक उपयोजनाच्या हातून प्रत्येक माणसाचा शब्द उघड रूपात जात असे. दहा उपयोजनांपैकी एक जरी फुटले तरी सर्वांचे दार उघडे पडे. आता शब्द एकाच ठिकाणी टाइप केला जातो, आणि मुदत संपणे, बदल, खाते बंद होणे हे सर्व तेथेच हाताळले जाते. मागील भागातील दुसऱ्या अक्षाचा प्रश्न सुटला नाही, पण तो योग्य घरी गेला.

तथापि नव्या टिपेतही एक रकाना आहे : उपयोजनाच्या स्वतःच्या गुपिताचा. मध्यवर्ती सेवेला आपली ओळख पटविण्यासाठी उपयोजनाला जे गुपित दिले जाते ते तेथे लिहायचे, किंवा त्याचे सूत्र द्यायचे. सेवा-खात्याचा शब्द गेला, त्याच्या जागी दुसरे गुपित आले. आणि ते कोठे ठेवावे याविषयी विनिर्देशाचे मौन पूर्ववत. पाच वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन टिपांत एकच पोकळी एकाच जागी असावी, यावरून ही पोकळी विशिष्ट तंत्राची नसून दृष्टिकोनाची आहे, असे अनुमान काढावे लागते.

व्यवहारात काय करावे, हा प्रश्न मग उरतो. टिपेतील रकान्यात प्रत्यक्ष मूल्य कधीही लिहू नये, नेहमी सूत्र लिहावे. सूत्राने ज्या घटकाला विचारायचे तो एकच असावा, लहान असावा, आणि सर्व्हरची खास तिजोरी कोणती याचे ज्ञान फक्त त्यालाच असावे. सर्व्हर बदलला तर बदल त्या एका घटकापुरता राहील. सेवा-खात्याला निर्देशिकेत वाचण्यापुरताच अधिकार द्यावा, म्हणजे शब्द फुटला तरी हानी मर्यादित राहील. जोडणी गुप्तलेखित असावी आणि रिकामा परवलीचा शब्द निर्देशिकेपर्यंत पोहोचूच नये. शब्द बदलण्याचे काम उपयोजनाने अंगावर घेऊ नये. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नव्या प्रमाणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पण प्रमाणाकडून असलेली अपेक्षा त्यामुळे रद्द होत नाही. तिजोरी नको, नाव हवे. ते गुपिताचे नाव उपयोजनाने घोषित करावे आणि त्याचे मूल्य बसविणाऱ्याने पुरवावे, एवढी तरतूद झाली तर १९९९ च्या भूमिका-विभागणीतील शहाणपण आणि २०१७ च्या टिपेतील सोय एकत्र येतील. पहिल्या विनिर्देशाला गुपित कोणाच्या हाती असू नये हे कळले होते, पण काम कसे सोपे करावे हे नाही. दुसऱ्याला काम सोपे करणे जमले, पण ते करताना किल्लीचा विसर पडला. उपयोजन एका सर्व्हरावरून दुसऱ्यावर गेले की नाही, यावर सुवाह्यतेची परीक्षा संपत नाही. जाताना त्याने किल्ली बरोबर नेली, मागे दारावर टांगून ठेवली, की ती मुळात त्याच्या हाती नव्हतीच, यावर ती अवलंबून आहे.